धरणाला आमदाराचं नाव द्यायचंच झालं, तर कोणाचं?

तळमजला_नेरुळ

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटापाशी संध्याकाळी पाच-सहा जणांचा कट्टा भरतो. नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून तिथं गेली चार-पाच वर्षं आठवड्याला एक भांडण ठरलेलं. परवा त्यातल्याच एका काकांनी (बँकेतून निवृत्त, अर्ज लिहायची जबर हौस) खिशातून चौघडी फुलस्केप काढला. विषय : मोरबे जलाशयास नाव देणेबाबत. मजकूर असा, "आपल्या शहरास पाणी पुरविणाऱ्या मोरबे जलाशयास कै. आमदार .................. यांचे नाव देण्यात यावे, ही नम्र विनंती."

नावाच्या जागी ठिपके. विचारलं तर म्हणाले, "आधी तत्त्व मान्य करा, नाव मागाहून भरू. आत्ताच भरलं तर निम्मे सह्या करणार नाहीत." खाली पट्टीनं आखलेले बारा रकाने. दोघांनी सह्या करूनही टाकल्या!

मी केली नाही. पण तेव्हापासून ते ठिपके डोक्यात बसलेत. नवी मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो: आमचं पाणी येतं खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून. भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि तिथून शहरात. हे धरण महापालिकेनं जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं, त्यामुळे "स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका" म्हणून आम्ही पाहुण्यांपुढे मिरवतो. पातळी ८८ मीटरला पोचली की धरण भरलं, मग जलपूजन, खण-नारळ, फोटो.

तर प्रश्न असा, की धरणाला लोकप्रतिनिधीचं नाव असावं का? आणि असायचंच तर त्या माणसानं पाण्यासाठी काय केलेलं असावं? सध्याच्या पक्षांवर घसरू नका, धागा बंद होईल.

उपहासपूर

मी पूर्ण पाठिंबा देतो. फक्त जुलै ते जूनचे मथळे डोळ्यांपुढे आणा.

"अमुकराव ओसंडून वाहू लागले." "अमुकराव निम्म्यावर, शहराला दिलासा नाही." "अमुकरावांचा मृतसाठा वापरण्याची वेळ." "अमुकरावांत गाळ साचल्यानं क्षमता घटली." आणि सर्वांत वाईट, "अमुकरावांत पोहायला गेलेले दोघे..."

हयातीत त्यांच्या विरोधकांनाही एवढं सुचलं नसतं.

सांडवा

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली म्हणून थोडं तांत्रिक बोलतो. धरण आणि जलाशय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंत ते धरण, मागे अडलेलं पाणी तो जलाशय. आपल्याकडे पद्धत अशी पडली, की भिंतीला गावाचं नाहीतर नदीचं नाव आणि पाण्याला थोरामोठ्यांचं. कोयना धरण, शिवाजीसागर. जायकवाडी, नाथसागर. पानशेत, तानाजीसागर. गोसीखुर्द, इंदिरासागर. उजनी, यशवंतसागर.

यातले यशवंतराव तर आमदार, मुख्यमंत्री, सगळंच. पण पावसाळ्यात रात्री-अपरात्री पूर नियंत्रण कक्षाला पातळी कळवायची असायची, तेव्हा "यशवंतसागर" असं मी एकदाही म्हटलं नाही. "उजनी, चारशे शहाण्णव पॉइंट आठ तीन" की समोरचा समजायचा, काठोकाठ भरलं. आणि वर उपहासपूर यांनी चेष्टा केली ती उजनीच्या बाबतीत दर उन्हाळ्यात खरी होते. ११७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) त्या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या खालचं, आपोआप न वाहणारं पाणी आहे. पाणी त्याखाली उतरलं की पेपरात "उजनी उणे तीस टक्के" असं छापून येतं. "यशवंतसागर उणे तीस" छापायला उपसंपादकाचाही हात रेटत नसावा.

नाथसागर मात्र लोकांच्या तोंडी आहे. नाथ पैठणचेच, पाणी पैठणच्या वेशीला लागलेलं.

तळमजला_नेरुळ

सांडवासाहेब, धन्यवाद. म्हणजे काकांनी विषयात "जलाशयास" लिहिलं ते नकळत बरोबरच लिहिलं की! सांगतो त्यांना, दोन दिवस छाती फुगवून फिरतील.

मासुंदाकाठ

एक अपवाद राहिला. मोडकसागर. आम्ही ठाणेकर आणि मुंबईकर पावसाळ्यात रोज पेपरात तो सात तलावांचा तक्ता बघतो: विहार, तुळशी, तानसा, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर. त्यात माणसाचं नाव एकच, आणि ते मुंबई महापालिकेच्या इंजिनिअरचं. मला तर कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं, की तिथं काहीतरी मोडकं आहे. मध्य वैतरणेला बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव आहे, अधिकृत नाव चांगलं ओळभर लांब. तक्त्याच्या रकान्यात मावत नाही, म्हणून छापून येतं मध्य वैतरणा.

आमच्या ठाण्याला तर स्वतःचं धरणच नाही. स्टेम या पाणी कंपनीकडून घे, एमआयडीसीकडून घे, थोडं मुंबईकडून, थोडं पिसे गावी नदीतून उचललेलं आपलं. चार घरचं माधुकरी पाणी. तलाव मात्र रग्गड: मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबेघोसाळे, उपवन. एकालाही आमदार नाही. मासुंदा म्हणजे काय, हे मी दहा जणांना विचारलं, दहा उत्तरं मिळाली, पण तलावपाळीवर संध्याकाळी बसायला कोणाचं अडलं नाही.

बाकी नावं ठेवायचीच तर भातसा-तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर का फिरतो, यासाठी ठेवा.

तापोळ्याची_नात

मी सहसा वाचनमात्र असते. पण शिवाजीसागराचा उल्लेख आला म्हणून लिहिते.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पोटात आहे. आजोबांना रायगड जिल्ह्यात (तेव्हा कुलाबा) आणून सोडलं, त्यात माझे वडील पाच वर्षांचे. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ ला. आम्ही त्याच्या कितीतरी आधी उठलेलो, त्यामुळे कायद्यानं काय मिळायचं ते आम्हाला विचारूच नका. डोंगरात नाचणी-वरी करणारी माणसं, इथं खाजणाच्या कडेला आली. भात कसं लावायचं हे आजीनं शेजारच्या गावातल्या बाईकडून शिकून घेतलं. पहिल्या वर्षी चिखलात पाय रुतला की ती रडायची, म्हणे.

आजी शेवटपर्यंत घराचा पत्ता सांगताना "धरणात" म्हणायची. "आपलं जोतं धरणात आहे", "माझं माहेर धरणात आहे". शिवाजीसागर हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. शिवाजी महाराजांवर राग थोडाच होता, देव्हाऱ्यात तसबीर होती. पण ते नाव पाण्याचं होतं, आणि तिला पाण्याशी कर्तव्य नव्हतं. पाण्याखाली काय आहे त्याला नाव होतंच की आधीपासून!

काकांना विचारा, मोरब्याच्या पाण्याखाली काय काय आहे ते त्यांना ठाऊक आहे का.

खाडीकिनारी

ताई, बरोबर बोललात.

विमानतळाच्या नावाचा विषय निघाला म्हणून आमच्या बाजूचं ऐका. मी जासईच्या पट्ट्यातला, आगरी. दि. बा. पाटील साहेब पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. पण आम्ही त्यांचं नाव मागतो ते आमदार होते म्हणून मागत नाही. नवी मुंबई वसवायला सिडकोनं ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातनं साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं, ते पुढं सगळ्यांनी उचललं. माझा बाप त्या दिवशी तिथं होता, भाऊबंदातला एक जण त्याच्या हाताला धरून पळत होता, हात सुटला. २४ जून २०२१ ला सिडको भवनाला घेराव घातला तेव्हा बापाचं वय झालेलं, तरी आला, सावलीत बसून राहिला. जमीन आमची, रगत आमचं, म्हणून नाव आमच्या माणसाचं. हिशेब सरळ आहे.

आता मोरबे. तिथं आमची एक गुंठा गेली नाय. आम्ही फक्त नळ सोडतो. मग नाव सांगणारे आम्ही कोण? तिथल्या माणसांनी सांगावं.

उपहासपूर

खाडीकिनारी, चेष्टा मागे घेतली. अर्धीच घेतली, मथळे राहू द्या.

सॅन_होआकीनचा_बाळ्या

मूळचा कोपरखैरण्याचा, सध्या फ्रेस्नो. इथं हाच प्रकार आहे. सॅन लुइस नावाचं मोठं धरण आहे, त्याला बी. एफ. सिस्क या खासदाराचं नाव दिलं. तो फ्रेस्नोकडचाच. १९६० ला ते धरण मंजूर करून घेणारा कायदा होण्यासाठी तो वॉशिंग्टनला भांडला, त्यामुळे हक्क आहे म्हणायला हरकत नाही. तरी शेतकरी आणि मासे धरणारे सगळे सॅन लुइसच म्हणतात. सिस्क फक्त पाटीवर आणि दुरुस्तीच्या निविदांत.

हूवर धरणाचं तर त्याहून भारी. १९३० ला नाव हूवर. १९३३ ला सरकार पालटलं, नव्या मंत्र्यानं बोल्डर करून टाकलं. १९४७ ला संसदेनं पुन्हा हूवर. भिंत तीच, पाणी तेच! आपल्याकडचेच लोक तिकडे नोकरीला होते की काय?

पगारपत्रक

मी पगार काढणाऱ्या खात्यात आहे, त्यामुळे काकांच्या ठिपक्यांवर माझ्याकडे एक नाव आहे. पगाराच्या चिठ्ठीत कपातीच्या बाजूला "व्यवसाय कर २००" दिसतो ना? फेब्रुवारीत ३००. दरवर्षी नवीन पोरं विचारायला येतात, "सर, फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, मग जास्त का?" वर्षाचे अडीच हजार पुरे करायला, बाळांनो. पण हा कर आला कशासाठी, हे कोणी विचारत नाही. तो १९७५ चा कायदा आहे आणि पैसा हवा होता रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं भरायचा, दुष्काळातल्या माणसाला खडी फोडायला, बांध घालायला मजुरी मिळायची.

ती योजना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती, १९६० पासून अठरा वर्षं. तासगाव तालुक्यात आधी करून बघितली, ७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अंमल. "मागेल त्याला काम." केंद्रानं हेच २००५ मध्ये देशाला दिलं. आणि या कामातून उभं काय राहिलं? रस्ते आहेत, पण मुख्य म्हणजे पाझर तलाव. गावोगाव. त्यांतले किती गळतात आणि किती मस्टर (मजुरांचे हजेरीपट) खोटे, ते सांडवासाहेब सांगतील, पण विहिरींना पाणी आलं हेही खरं.

तर आमदार आणि पाणी असा जोड हवा असेल तर माझं मत पाग्यांना. नवी मुंबईचा माणूस त्यांना दरमहा दोनशे रुपये देतोच आहे.

सांडवा

गळणारे आहेत. मी स्वतः दोन बघितलेत. पण ७२ ला मी शाळेत होतो, सोलापूर जिल्ह्यात. सुकडी (दुष्काळात मिळणारं तयार पिठाचं खाणं) वाटायचे. आई दगडाच्या कामावर जायची, तिथं तिला पैसे मिळाले म्हणून मी इंजिनिअर झालो. पाग्यांचं नाव तेव्हा घरात कोणाला माहीत नव्हतं.

चवदार

महाडचा. धागा सकाळपासून वाचतोय, कोणीतरी हे नाव घेईल म्हणून थांबलो होतो. कोणीच घेतलं नाही.

सी. के. बोले.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले सगळे सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. त्यावरून महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ ला चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तीन वर्षं एकही माणूस तिथं पाणी प्यायला जाऊ शकला नाही. मध्ये १९२६ ला बोल्यांनी पुन्हा कौन्सिलात उभं राहून म्हटलं, जी नगरपालिका ठराव पाळत नाही तिचं अनुदान तोडा. मग २० मार्च १९२७. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, निदान असायला हवं. त्यानंतरही कोर्टकज्जा चालला आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला.

आमदारानं पाण्यासाठी काय केलेलं असावं, असं धागाकर्त्यानं विचारलं होतं. पाणवठा सगळ्यांचा आहे, हे आधी कौन्सिलात वदवून घेणारा आमदार हा. धरण बांधणं त्याच्या पुढची गोष्ट. आणि महाड आणि मोरबे जिल्हा एकच.

खाडीकिनारी

हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली जरा.

तापोळ्याची_नात

चवदार, आदर ठेवून एक विचारते. ठराव करून तीन वर्षं पाणी मिळालंच नाही असं तुम्हीच लिहिलंत. ते मिळालं माणसं चालत गेली म्हणून, ओंजळ भरली म्हणून, आणि नंतर मारही खाल्ला म्हणून. मग श्रेय आमदाराला किती द्यायचं?

चवदार

प्रश्न रास्त आहे. माझ्या पणजोबांच्या पिढीनं तो मार खाल्लाय, त्यामुळे मी तुमच्याशी भांडणार नाही. पण ठराव नसता तर ते तळं "खाजगी" म्हणूनच राहिलं असतं. बाबासाहेबांनी चालत जाताना हातात धरलेला कागद बोल्यांचा होता, एवढंच म्हणतो. कागदाचं श्रेय कागदाएवढं. आजच्या किती आमदारांच्या नावावर तेवढा एक कागद आहे?

उपहासपूर

लेटरहेड पुष्कळ आहेत.

तळमजला_नेरुळ

काल कट्ट्यावर फोन नेला आणि काकांना सगळा धागा वाचून दाखवला. प्रतिक्रिया क्रमानं देतो.

मथळ्यांवर ते हसले नाहीत. उजनीच्या "उणे"वर हसले. पाग्यांचं ऐकून म्हणाले, बँकेत छत्तीस वर्षं कर कापून घेतला, एकदाही कोणी सांगितलं नाही. बोल्यांवर बराच वेळ गप्प. मग एकदम, "दादरला एस. के. बोले रोड आहे, तो यांचा?" म्हटलं, तोच, मराठीत सी. के., इंग्रजीत एस. के. म्हणाले, "अरे, मंगळवारी सिद्धिविनायकाला त्याच रस्त्यानं जातो मी! वीस वर्षं. मला वाटायचं कोणीतरी बिल्डर."

तर माझं म्हणणं हेच, काका वगळून. रस्त्याला नाव देऊनही माणूस बिल्डर समजला जातो. मग जलाशयाला देऊन तो आणखी काय समजला जाईल? पाग्यांचं नाव पगाराच्या चिठ्ठीवर छापा, "व्यवसाय कर (पागे योजना)", महिन्याला लाखो लोक वाचतील. बोल्यांचा तो ठराव आठवीच्या पुस्तकात शब्दशः घाला. मोरबे मोरबेच राहू द्या. ते एका गावाचं नाव आहे आणि त्या खोऱ्यानं आधीच पुरेसं दिलंय. समोर इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, त्या दिवसांत आम्ही नेरुळमध्ये "धरण किती भरलं" हे बघत होतो, मीसुद्धा. तेव्हा तो डोंगर आणि ते धरण शेजारी आहेत, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काकांनी जुना अर्ज फाडला नाही (कागद चांगला आहे म्हणून). मागच्या कोऱ्या बाजूला दुसरा लिहिलाय. विषय : मोरबे धरणस्थळी पाण्याखाली गेलेल्या गावे व वाड्यांच्या नावांचा फलक लावणेबाबत. आणि खाली पुन्हा ठिपके, या वेळी सात-आठ ओळी. यादी कोणाकडे आहे का?

सांडवा

भूसंपादनाच्या निवाड्यांत गावांची नावं असणार. रायगडच्या महसूल खात्यात एक जुने सहकारी आहेत, विचारतो. पण त्यात महसुली गावंच येतील. ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांची वेगळी नोंद बहुतेक वेळा नसते, त्या मोठ्या गावाच्या पोटात दाखवलेल्या असतात.

तापोळ्याची_नात

मग निवाड्यावरून करू नका. चौकच्या बाजारात जाऊन म्हाताऱ्या बायकांना विचारा. प्रत्येकीला दोन विचारा, सासर आणि माहेर. पुरुष फक्त स्वतःचं गाव सांगतात.

तळमजला_नेरुळ

ठरलं. रविवारी सकाळी सातला नेरुळहून निघतोय, काका आणि मी. गाडीत दोन जागा आहेत. काकांनी रकाने आखलेत: नाव, सासर, माहेर, सही किंवा अंगठा.

खाडीकिनारी

मी येतो. पनवेलला उभा राहीन. जुन्या हायवेनं या.